समोरचं ताट

२५ नोव्हेंबर, सोमवार

अकरा वर्षांच्या पोरीला बी.पी.! म्हणे.

अंजू दुपारी आली, दप्तर दारातच टाकलं आणि म्हणाली, "आबा, आज शाळेत डॉक्टर आले होते. माझ्या दंडाले पट्टा बांधला, तुमच्यासारखा! दोनदा बांधला. मग बाईंना बोलावलं, मग अजून एकदा." सांगताना अगदी खुशीत. वर्गात एवढा मान तिला कुठला मिळायला – कवायतीत शेवटच्या रांगेत उभी करतात. आई-बाबांना घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरकडे जा, असा निरोप दिलाय.

मी हसलो. म्हटलं, "बी.पी. म्हाताऱ्यांची चीज आहे. तुह्या बापाले अजून नाही झाली, तुले कुठून होईन? हात धू, ताटं वाढतो."

गीताबाई स्वयंपाक करून गेली होती. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, दाण्याची चटणी. शिवाय अंजूच्या आजीच्या, विमलच्या हातचं लोणचं – बरणीच्या तळाशी आलंय आता – आणि दिवाळीतली उरलेली शेव, चकल्या. दोन ताटं समोरासमोर. आधी कविता, मग घास, हा आमचा नियम. तिनं सहावीच्या पुस्तकातली म्हटली. बातम्या वाचल्यासारखी! आजकाल शाळेत चाल लावत नाहीत. मी चाल लावून दिली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा तिचा गळा असा फिरला, की मी अर्धी भाकर जास्त खाल्ली. तिनंही.

अंग चांगलं भरलंय तिचं. पोरीनं तब्येत धरली. भिंतीवर तिचा फोटो आहेच – सुदृढ बालक स्पर्धा, पहिला नंबर, हातात स्टीलचा पेला आणि गाल असे, की डोळे दिसत नाहीत. तेव्हा मी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये वजनकाट्यावर होतो. बक्षीस मिळाल्या मिळाल्या विमल तिला घेऊन तिकडेच आली आणि मी पोरीला कापसाच्या काट्यावर बसवून पुन्हा तोललं. हमालांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पाचला सून अश्विनी ऑफिसातून आली, अंजूला स्कूटीवर बसवून घेऊन गेली. गजेंद्रचं घर खामगावच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत. शाळा मात्र माझ्या गल्लीच्या मागे. म्हणून दुपार माझी. संध्याकाळ कुणाचीच नाही.

२६ नोव्हेंबर

गजेंद्रचा फोन. "बाबा, अंजूनं तुम्हाले कालच सांगितलं होतं, तर फोन काऊन नाही केला?"

मला ती गंमत वाटली होती.

२७ नोव्हेंबर

आज चोरून एक काम केलं. जेवणाआधी माझं यंत्र काढलं. शाळेतल्यांचं काहीतरी चुकलं असणार, असा माझा हिशेब. आधी मी पट्टा बांधला – वरचा एकशे अठ्ठावीस, खालचा शहात्तर. मग अंजूच्या दंडाला. पट्टा फुगला, ती गुदगुल्या झाल्यासारखी हसली. यंत्रानं दाखवलं – एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी.

"आबा, मी जिंकली!"

तिला वाटलं, जास्त आकडा म्हणजे जास्त मार्क.

संध्याकाळी शेजारचे भाऊराव आले. एस.टी.त कंडक्टर होते, आता माझ्यासारखेच रिकामे. म्हणाले, "मशीन बिघडली असंन, निवृत्तीभाऊ. आना, माह्यं पाहू." स्वतःच्या दंडाला बांधून घेतला. आकडे पाहिले. पट्टा हळूच सोडला.

"माह्यं तर बरोबर दाखवून राह्यली."

मग दोघंही बराच वेळ दुसरंच बोलत बसलो. कापसाचं, थंडीचं.

२८ नोव्हेंबर

दृष्टच लागली असणार. एवढी गोरीगोमटी भरलेली पोर, शाळेच्या फाटकातून शंभर डोळ्यांपुढून येते. अंजूला पाटावर बसवून मीठ-मिरच्या-मोहऱ्या उतरवून टाकल्या. विमल काढायची तशी. ठसका लागला दोघांना. अंजू म्हणाली, "आबा, यानं बी.पी. उतरते?" म्हटलं, "उतरते तर!"

३० नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरकडे मीही गेलो. अश्विनी म्हणाली होती, "तुम्ही कशाला दगदग करता बाबा," पण गेलो.

डॉक्टर दीपमाला. वयानं माझ्या सुनेएवढ्या. आधी अंजूला नुसतं बसवून ठेवलं – पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, बोलायचं नाही, हात टेबलावर. मग तीन-चार पट्टे काढले, लहान-मोठे, एकेक तिच्या दंडाला लावून पाहिला. "पट्टा मापाचा नसला तर आकडा खोटा येतो," म्हणाल्या. मला हे आवडलं. आम्हीही आधी काटा शून्यावर आणायचो, मगच गाडी चढवायची. मनात म्हटलं, आता खरं काय ते कळेल, शाळेतलं खोटं निघेल.

नाही निघालं.

डॉक्टर हळू बोलतात. मुलांचा आकडा मोठ्यांसारखा पाहत नाहीत – वय, उंची, मुलगा की मुलगी, सगळं धरून पाहतात. अंजूचा जास्तच आहे. पण एका दिवसावरून नाव ठेवायचं नाही, अजून दोनदा या. लघवी, रक्त, किडनीची सोनोग्राफी करून घ्या.

"उंचीच्या मानानं वजन खूप आहे," म्हणाल्या. "मुलांचं बी.पी. वाढायचं आजकाल हेच मोठं कारण. सगळ्याच जाड मुलांना होतं असं नाही, बारीक मुलांनाही होऊ शकतं – म्हणून बाकीच्या तपासण्या."

अश्विनी खुर्चीत पुढे सरकली. "पण तिला तर काहीच त्रास नाही मॅडम. डोकंसुद्धा दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच मोजावं लागतं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "तब्येत तर चांगली आहे हो पोरीची!"

डॉक्टर हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही वजनाला तब्येत म्हणून राह्यले. मी तब्येतीला तब्येत म्हणते."

मग विचारलं, दिवसभरात काय काय खाते. अश्विनीनं पाढा म्हटल्यासारखं सांगितलं – सकाळी दूध, दहाला शाळेत डबा, दोन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी फळ, रात्री जेवण. "दुपारी आबांकडे थोडंसं काहीतरी खाते."

"थोडंसं म्हणजे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. भिंतीवर हत्तीचं चित्र होतं, मी त्या हत्तीकडे पाहिलं. "असंच – कविता-बिविता म्हणतो आम्ही."

अंजूनं माझ्याकडे पाहिलं. मग तीही हत्तीकडे पाहायला लागली. शहाणी पोर.

दीड-दीड भाकर सांगितली असती तर माझी दुपार त्याच टेबलावर संपली असती.

२ डिसेंबर

शेव बंद. चकल्या भाऊरावांना दिल्या. भाकर काही कुणाला बाधत नाही.

डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय – लोणचं, पापड, पाकिटातलं सगळं बंद. आणि मी परवा पोरीवरून मूठभर मीठ उतरवून टाकलं. बरोबरच होतं की ते एका अर्थानं!

५ डिसेंबर

आमच्या शाळेच्या पुस्तकात डाव्या पानावर चित्र असे, उजव्या पानावर कविता. प्रत्येक चित्रातलं बाळ गुटगुटीत. आई त्याला घास भरवते आहे, किंवा ते रांगत दह्याकडे चाललंय. मला आज वाटलं – एकाही कवितेतलं बाळ हडकुळं नव्हतं. हडकुळी तर आम्ही होतो, त्या कविता घोकणारी! तळवेलच्या शाळेत एका बाकावर पाच जण मावायचो. चित्रातल्या त्या गालांकडे पाहत राहायचो. तसे गाल म्हणजे सुख, एवढंच कळायचं.

अंजू झाली तेव्हा वाटलं होतं, ते डावं पान आपल्या घरात आलं.

७ डिसेंबर, शनिवार

पुन्हा डॉक्टर. पुन्हा तेच. थोडा जास्तच.

परतताना अंजू स्कूटीवर मध्ये बसली होती, मी मागे. म्हणाली, "आबा, वर्गातली पोरं मला 'टाकी' म्हणतात. आता बी.पी.चं कळलं तर काय म्हणतील?" अश्विनी पुढून म्हणाली, "कोण म्हणते सांग मले, त्याच्या मायलेच भेटते." मी मनात एखादी कविता शोधली. टाकीची कविता कुठल्याच पुस्तकात नाही.

१२ डिसेंबर

एक पाहिलं मी. अंजू माझ्या बरोबरीनं खाते. मी घास घेतला की ती घेते, मी थांबलो की थांबते. माझं भाकरीचं चतकोर उरलं की तिचंही उरतं. मी म्हणतो, "घे ना अजून," तर म्हणते, "तुम्ही घ्या, मग घेते." केवढी गोड! जेवणात असा सोबती मिळायला भाग्य लागतं.

गीताबाई भांडी घासता घासता म्हणाली, "पोरगी असली म्हणजे डबा पुसल्यावानी साफ होते, जी. नाईतर तुमी काय, चिमणीचं खानं."

१७ डिसेंबर

सोनोग्राफी झाली. किडनी चांगली. रक्त-लघवीतही काही नाही. गजेंद्रनं फोनवर एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडे ऐकू आला. "म्हणजे वजनाचंच आहे बाबा."

म्हणजे भाकरीचंच, असं मी म्हटलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज सगळं झालं. लिहावंसं वाटत नाही, पण न लिहून कुठे ठेवू.

तिसऱ्यांदा मोजलं. डॉक्टर म्हणाल्या, आता नाव ठेवावंच लागेल. उच्च रक्तदाब. गोळी आत्ताच नको. तीन महिने पाहू – खाणं, रोज तासभर घाम निघेपर्यंत खेळ, झोप वेळेवर. उपाशी ठेवायचं नाही, वाढीचं वय आहे, वजन थांबलं तरी उंची वाढली की फरक पडतो. तीन महिन्यांत नाही उतरलं तर मात्र गोळी. "आत्ता काही दिसत नाही, पण असंच राहिलं तर हृदयावर ताण येतो. मोठेपणी महागात पडतं."

माझी गोळी एकसष्टाव्या वर्षी सुरू झाली. हिची अकराव्या?

बाहेर बाकड्यावर अश्विनी रडायला लागली. अंजू औषधाच्या दुकानापाशी वजनकाट्यावर उभी होती – वरून उतरत होती, पुन्हा चढत होती, जणू उतरून चढल्यानं फरक पडेल.

"मी तर सगळं बंद केलं बाबा. तेल चमच्यानं घालते. गजेंद्र फिकी भाजी खाऊन कंटाळला, तरी त्यालेही तेच वाढते. अन् पोरीचं वजन उलट वाढलं! माझंच काही चुकून राह्यलं. कुठं चुकते तेच समजत नाही."

सांगून टाकलं मी. रोजचं जेवण. पूर्ण. दिवाळीपासूनचं नाही, दोन वर्षांपासूनचं. विमल गेल्यापासूनचं.

ती ओरडली असती तर मला तोंड वर करता आलं असतं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "डॉक्टरनं विचारलं होतं ना, बाबा. तुमच्यासमोर विचारलं होतं."

मग गाडी सुरू करताना, माझ्याकडे न पाहता – "सोमवारपासून अंजू शाळेच्या गाडीनं सरळ घरी येईल. बाजूच्या जयमालाताई दुपारी घरीच असतात, त्या लक्ष ठेवतील. चारला खो-खोच्या मैदानावर. मी बोलली सरांशी."

अंजूनं विचारलं, "मग आबा?"

अश्विनीनं गाडी गर्दीत घातली.

२३ डिसेंबर, सोमवार

एक वाजून गेला. दारात दप्तर पडल्याचा आवाज आला नाही.

२४ डिसेंबर

आला नाही.

२७ डिसेंबर

गीताबाई डबा उघडून माझ्यासमोर आपटून गेली. "काल परवाच्या भाकरी तशाच! मी का गाईसाठी सयपाक करून राह्यली का जी? सांगत जा, मंग गाईलेच विचारून भाजी करत जाईन."

हसलो. संध्याकाळी भाकर खरंच गाईला घातली. गाय माझ्याकडे पाहत जेवली. तेवढीच सोबत.

३१ डिसेंबर

भाऊराव म्हणाले, चला, नवीन वर्ष आहे, कचोरी खाऊ. नको म्हटलं. ते दोन खाऊन आले आणि माझ्या ओट्यावर बसून आपल्या बी.पी.ला शिव्या देत राहिले.

अंजू तिसरीत असताना तिच्यासाठी एक कविता केली होती. माझी स्वतःची! कुणाला दाखवली नाही, फक्त तिला पाठ करवली.

ओढा धावे रानातून, काठ राही उभा,
जाता जाता ओढा म्हणे, येतो हं मी आबा.

तेव्हा यमक जुळलं म्हणून खूश झालो होतो. ओढा परत येत नसतो, हे काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला समजायला नको?

३ जानेवारी

विमल असताना मला एकट्यानं जेवायची सवयच नव्हती. लग्न झाल्यापासून. जिनिंगच्या हंगामात मी दुपारी घरी येऊ शकत नसे, तर ती डबा घेऊन काट्यापाशी यायची. कापसाच्या ढिगाला टेकून समोर बसायची, मी जेवेपर्यंत उठायची नाही. एकदा ती माहेरी, हिवऱ्याला गेली होती, मी पाच दिवस चहावर काढले. परत आल्यावर म्हणाली, "तुमच्या पोटाले काय माह्या पदराची गाठ मारली का?" सगळ्या गल्लीत सांगत सुटली. हमालांनी महिनाभर चिडवलं.

शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा अंजू रोज शाळेतून तिकडे यायची. नऊ वर्षांची. पलंगावर तिच्या कुशीत शिरून बसायची. आजी-नातीची तासन्‌तास कुजबूज. मी गेलो की दोघी गप्प. मी विचारायचो, "काय खलबतं चालली?" विमल म्हणायची, "आमच्या बाया-बायांचं आहे, तुम्ही नका पडू."

आता ते कोण सांगणार. अंजू तर तेव्हाचं विसरलीही असेल.

९ जानेवारी

न राहवून मीच फोन केला, तिला मैदानावर सोडणाऱ्या जयमालाताईंच्या नंबरवर. अंजूनं उचलला. मागे पोरींचा गलका, धापा टाकत होती. पहिलाच प्रश्न – "आबा, जेवले का?"

म्हटलं, "हाव, जेवलो."

"काय जेवले?"

"भाकर. भाजी."

"किती?"

चार वाजले होते. मी जेवलो नव्हतो. म्हटलं, "भरपूर." मग सरांनी शिटी वाजवली, ती गेली.

जवळजवळ वीस दिवसांनी आवाज ऐकला, आणि विचारलं काय – जेवण! एक कविता आठवली नाही पोरीला. मला बी.पी.चं दुःख होतं, आता त्यात हेही. इतकी वर्षं मी समजत होतो, चालीसाठी येते.

१४ जानेवारी

संक्रांत. तिघंही आले. अंजू काळवंडली आहे उन्हानं, गुडघा खरचटलेला. अश्विनी म्हणाली, वजन वाढायचं थांबलंय, उंची जरा वाढल्यासारखी वाटते. मी वर-खाली पाहिलं. गालाखाली हनुवटी दिसायला लागली आहे. माझी पोर, आणि मी तिची हनुवटी पहिल्यांदा पाहिली!

तिळगुळाचा एक तुकडा तोडला तिनं, बाकीचा लाडू वाटीत परत ठेवला. मी म्हटलं, "आधी कविता, मग लाडू, विसरली का?"

"कविता नको ना आबा. सरांनी लवकर बोलावलंय. सामना आहे."

घाईत होती. तरी जाताना स्वयंपाकघरात गेली, काहीतरी झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती गप्पगप्प. शेवेचा डबा शोधला असणार. सापडला नसणार.

म्हणजे असंच होतं ते. कविता म्हणजे शेवेच्या डब्याचं झाकण. माझी काय चूक, कुणाची काय चूक. लहान पोरं खाऊलाच येतात म्हाताऱ्यांकडे. आम्हीही मारुतीच्या देवळात प्रसादालाच जायचो – भजन कोण ऐकत होतं!

१६ जानेवारी

विमलला दोन वर्षं झाली आज.

गोडाचं केलं नाही.

२४ जानेवारी

सकाळी नळावर बादली उचलली आणि गल्ली फिरली. ओट्याचा आधार घेतला म्हणून पडलो नाही. भाऊरावांनी धरून आत आणलं.

"निवृत्तीभाऊ, लेंगा कमरेवर ठरून नाही राह्यला तुमच्या. तब्येत पार उतरली." मग माझंच यंत्र काढलं, मलाच बांधलं. वरचा शहाण्णव, खालचा अठ्ठावन्न.

"भाऊ, तुम्ही तर हारले!" म्हणाले. हसवायचा प्रयत्न करत होते, पण रिक्षा बोलवायला उठलेही होते.

माझ्या डॉक्टरनं विचारलं, खाता का नीट? वजन उतरलं की बी.पी.ही उतरतं म्हणाला, आणि वरून ही गोळी. अर्धी करून दिली.

काय गंमत आहे. एकाच घरात एकाचं वाढून राह्यलं, एकाचं उतरून. ओल्या कापसाचं वजन खोटं असतं, एवढं मला काट्यावर नेमकं कळायचं. इथं मात्र पोर भरत गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

२८ जानेवारी

गीताबाईनं घरी जाऊन सांगितलं. तीच, दुसरं कोण! अश्विनी आज ऑफिसातून अर्धा तास काढून आली. उंबरठ्यातच म्हणाली, "बाबा, महिन्याभरापासून डबा गाईले?"

मी म्हटलं, गीताबाई वाढवून सांगते.

ती आत गेली, डबा आणला, माझ्यासमोर उघडला. दुपारचे दोन वाजले होते. डबा भरलेला.

"मी तेव्हा चिडली नव्हती बाबा. घाबरली होती. पोरीले गोळी सुरू होईन म्हणून घाबरली होती." मग जरा थांबून, "तिकडे चला राहायला. गजेंद्रही म्हणतो."

नको म्हटलं. इथे विमलची जागा आहे, एवढंही म्हटलं नाही. ती समजली असावी, कारण समोरच्या पाटावर बसायला गेली आणि मध्येच थांबून बाजूला बसली. दोन घास खाल्ले मी तिच्यासमोर. तिचं घड्याळाकडे लक्ष होतं, बिचारीचं.

जाताना म्हणाली, "अंजूचा आकडा या वेळी जरासा खाली आला. अजून जास्तच आहे, पण उतरून राह्यला."

ती गेल्यावर मोठ्यानं एक कविता म्हटली, सगळी, चालीवर. कुणी ऐकायला नव्हतं. ठीक आहे. उतरून राह्यला! मी नसलो म्हणून उतरतो आहे, तर मी नसलेलाच बरा.

१ फेब्रुवारी

अर्धी भाकर. मोठ्या कष्टानं.

९ फेब्रुवारी, रविवार

अंजू आली. एकटीच, सायकलवर, गावाच्या त्या टोकापासून. घामानं चिंब. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन डब्याचं झाकण उघडून पाहिलं, मग माझं एकट्याचंच ताट वाढलं आणि समोर बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून.

मला वाईट वाटलं. म्हटलं, "घे ना एक घास. एका घासानं काय होते? एवढी आवडायची तुले गीताबाईची भाकर."

"नाही आवडायची, आबा."

"मग रोज खायची ते?"

"माझं पोट भरलेलं असायचं. दहाला डबा खाल्लेला असायचा ना. पण आजीनं दवाखान्यात सांगितलं होतं. आबा एकटे जेवत नाहीत, म्हणे. तू समोर बसून खात जाय, म्हणजे ते खातील. कुणाले सांगू नको."

मी हातातला घास खाली ठेवला. तिनं तो ताटातून उचलून पुन्हा माझ्या हातात दिला.

"आता मी नुसती बसली तर चालेल का?"